कृपा असती तर सहामाह्या कोणी मोजल्या असत्या?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी सरकारी निवृत्तिवेतनावर लिहिले आहे. त्यांच्या मते पेन्शन म्हणजे करदात्यांच्या पैशातून वाटलेली खिरापत. शेतकऱ्याला मिळत नाही, दुकानदाराला मिळत नाही, मग यांनाच का? पत्र रागाने लिहिलेले आहे, पण मनापासून लिहिलेले आहे, म्हणून उत्तर द्यावेसे वाटले. मी बुलढाणा जिल्ह्यात राहते. राज्य सरकारच्या एका बांधकाम उपविभागात १९८३ साली लिपिक म्हणून लागले आणि २०१८ मध्ये प्रथम लिपिक म्हणून निवृत्त झाले. यातली बरीच वर्षे आस्थापनेच्या टेबलावर गेली. म्हणजे दुसऱ्यांची सेवापुस्तके लिहिण्यात आणि त्यांच्या पेन्शन केस तयार करून महालेखाकारांकडे नागपूरला पाठवण्यात. तेव्हा ही खिरापत कशी वाटतात ते मी बऱ्यापैकी जवळून पाहिले आहे.

सेवापुस्तक ही काय चीज असते ते बाहेरच्यांना ठाऊक नसते. माणूस रुजू झाला त्या दिवसापासून त्याची प्रत्येक वेतनवाढ, बदली, रजा, निलंबन, सगळे त्यात चढते. दरवर्षी कार्यालय प्रमुखाने 'वेतन देयकांवरून सेवा पडताळली' अशी नोंद करून सही करायची. एखाद्या वर्षीची सही राहिली, की निवृत्तीच्या वेळी ते वर्ष लटकते. मग जुनी देयके शोधा, जुन्या कार्यालयाला पत्र लिहा, स्मरणपत्र लिहा. वैद्यकीय दाखल्याशिवाय असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजा घेतली असेल तर तेवढे दिवस पेन्शनसाठी वजा. निलंबनाचा काळ कसा धरायचा याचा वेगळा आदेश हवा. दोन नेमणुकांच्या मधे खंड पडला असेल तर तो क्षमापित झाला की नाही ते बघायचे. हे सगळे वजा जाऊन जी उरते ती अर्हताकारी सेवा, आणि ती मोजायची सहामाहीने. तीन महिने किंवा त्याहून जास्त शिल्लक राहिले तर एक सहामाही धरायची, कमी असले तर सोडून द्यायचे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ हे पुस्तक माझ्या टेबलावर इतकी वर्षे होते की पुढे त्याची पाने बाइंडिंग सोडून हातात यायची.

आमच्याकडे एक मैलकुली होते. रस्त्यावरचे खड्डे भरणे, साइडपट्टी साफ ठेवणे, पावसाळ्यात मोरीत अडकलेला पाला काढणे हे त्यांचे काम. आधी कित्येक वर्षे रोजंदारीवर, मग कालेलकर निवाड्याप्रमाणे सलग पाच वर्षे भरल्यावर रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापनेवर आले. निवृत्त झाले तेव्हा पुस्तकाप्रमाणे त्यांची नियमित सेवा भरत होती नऊ वर्षे सात महिने. पेन्शनला दहा वर्षे लागतात. नऊ वर्षे नऊ महिने असते तर सहामाहीच्या नियमाने दहा धरता आली असती. दोन महिन्यांसाठी माणूस आयुष्यभराच्या पेन्शनला मुकणार होता. मी आणि आमचे शिपाई अभिलेख कक्षात बसून जुनी हजेरीपत्रके काढली. उंदरांनी कुरतडलेली, काही पावसाने चिकटलेली. त्यांची सलग पाच वर्षे पुस्तकात लिहिलेल्या तारखेच्या बरीच आधी भरल्याचे त्यात निघाले. प्रस्ताव गेला, त्रुटी लागून परत आला, पुन्हा गेला, आणि शेवटी रूपांतरणाची तारीख दुरुस्त झाली.

पेन्शन मिळाली. जेमतेम, किमान पेन्शन. पण पत्रलेखकांना मला विचारायचे आहे ते हे की खिरापत वाटताना कोणी सात महिने आणि नऊ महिने यांतला फरक बघतो का? उन्हात डांबर ओतलेल्या दिवसांचा हिशेब लागला म्हणून त्या माणसाला पैसे मिळाले. हिशेब लागला नसता तर साहेबांना कितीही दया आली असती तरी एक पैसा मिळाला नसता.

आता दुसरा मुद्दा, जो पत्रात नाही आणि टीकाकारांच्या लक्षातही क्वचित येतो. खासगी नोकरीत माणसाच्या भविष्य निर्वाह निधीत मालकाचाही हिस्सा पडतो. आमच्या जीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या भविष्य निर्वाह निधीत, सरकारने कधी एक रुपया टाकला नाही. दर महिन्याला कापले जायचे ते आमच्याच पगारातून, निवृत्तीला परत मिळाले तेही आमचेच, व्याजासह. मालक म्हणून सरकारचा जो वाटा असायला हवा होता, तो त्याने नोकरी चालू असताना दिला नाही. निवृत्तीनंतर दरमहा देईन असे नेमणुकीच्या वेळीच नियमात लिहून दिले. त्या बोलीवर आम्ही तो पगार पत्करला. १९८३ मध्ये लिपिकाचा पगार काय होता हे त्या पिढीच्या कोणालाही विचारावे. माझा धाकटा भाऊ त्याच सुमारास अकोल्याच्या एका ऑईल मिलमध्ये हिशेबनीस लागला, त्याला माझ्यापेक्षा जास्त मिळायचे. घरात सगळे मला म्हणायचे, तुला शेवटी पेन्शन आहे. म्हणजे ती पगारातच धरलेली होती, फक्त उशिरा द्यायची होती.

इथे मी स्वतःच्या बाजूनेही थोडी कात्री लावते, नाहीतर आमच्या संघटनेच्या पत्रकासारखे व्हायचे. जे मिळते ते सगळेच्या सगळे कमावलेले आहे असे मला वाटत नाही. मी लागले तेव्हा पूर्ण पेन्शनला ३३ वर्षे, म्हणजे ६६ सहामाह्या लागायच्या. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात पेन्शन कमी. सहाव्या वेतन आयोगानंतर ती अट २० वर्षांवर आली. आज २० वर्षे केलेला आणि ३८ वर्षे केलेला, शेवटचा पगार सारखा असेल तर, सारखीच, त्या पगाराच्या निम्मी पेन्शन घेतो. २० आणि ३३ यांमधल्या तेरा वर्षांचा हिशेब कुठे गेला? तो कोणी कमावलेला नाही, तो मागून मिळालेला आहे. मिळाला याचे मला वाईट वाटत नाही, पण त्याला कष्टाचे फळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि मालकाचा हिस्सा फंडात पडला असता तर आज जेवढे व्याज मिळाले असते, त्यापेक्षा महागाई भत्त्यासह मिळणारी पेन्शन जास्तच भरते, निदान माणूस पंचाहत्तरीपलीकडे जगला तर. हेही कबूल.

पण मग सरकारवर पेन्शनचा बोजा येतो त्याचे काय, असे लगेच विचारले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन, जी नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांना बंद झाली, ती पुन्हा आणली तर एक लाख दहा हजार कोटींचा भार पडेल असे सांगितले होते. आकडा मोठा आहे. पण बोजा कशाने झाला? मालकाचा वाटा दरवर्षी बाजूला काढून ठेवायचा असतो, तो कधी काढलाच नाही. ज्या वर्षीचा पैसा त्या वर्षी खर्च केला आणि पेन्शन पुढच्या अर्थसंकल्पावर ढकलली. वाण्याची उधारी तीस वर्षे साठवली आणि वाणी दारात आल्यावर त्याला भिकारी म्हटले, असे ते आहे. आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेतही विनाअंशदायी, म्हणजे पगारातून काही न कापता द्यायच्या, पेन्शनचा 'निधी नसलेला खर्च' लक्षात घ्यावा असे केंद्राने लिहून ठेवले आहे. न्या. रंजना प्रकाश देसाई त्या आयोगाच्या अध्यक्षा आहेत. निधी नाही हे खरेच आहे. तो ठेवायचा कोणी होता, एवढेच आयोगाने विचारावे.

पेन्शन ही कृपा आहे ही कल्पना मुळात आली कुठून, याचेही मला नेहमी कुतूहल वाटत आले. कृपेची पेन्शन कशी असते ते आपल्याला इतिहासात चांगले सापडते. दुसऱ्या बाजीरावाला कंपनीने १८१८ मध्ये गादीवरून उतरवून बिठूरला पाठवले आणि वर्षाला आठ लाखांची पेन्शन लावून दिली. १८५१ मध्ये बाजीराव वारले, आणि नानासाहेबांनी कितीही अर्जविनंत्या केल्या तरी डलहौसीच्या सरकारने ती पुढे दिली नाही. देणाऱ्याची मर्जी होती तोवर मिळाली, मर्जी संपली तशी बंद. १८७१ चा इंग्रजांचा पेन्शन कायदा याच मनोवृत्तीतला. सरकारने दिलेल्या पेन्शनबद्दल दिवाणी न्यायालयात दावाच लावता येऊ नये अशी त्यात तजवीज. विशेष म्हणजे याच कायद्याने पेन्शनवर सावकाराला जप्ती आणता येत नाही असेही सांगितले. ते कलम आजही आमच्या उपयोगी पडते.

या मनोवृत्तीला धक्का बसला तो १७ डिसेंबर १९८२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नकारा खटल्यात. नकारा हे संरक्षण मंत्रालयातले वित्तीय सल्लागार, १९७२ मध्ये निवृत्त झालेले. १९७९ मध्ये केंद्राने पेन्शनचे सूत्र सुधारले, पण ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच ते लागू केले. आधीचे तसेच राहिले. पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ होते, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि न्या. तुळजापूरकर हे आपल्याकडचे दोघे त्यात होते, निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत दोन जाती पाडता येणार नाहीत, असा त्याचा आशय. म्हणून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन. आमच्या तालुक्यात त्या दिवशी सभा होते, चहा-पोहे होतात, आणि सभेतले निम्मे लोक महागाई भत्त्याचा नवीन हप्ता कधी लागणार एवढेच विचारायला आलेले असतात.

मार्च २०२५ मध्ये वित्त विधेयकाबरोबर केंद्राने एक भाग मंजूर करून घेतला. पेन्शनरांत फरक करण्याचा, त्यासाठी निवृत्तीची तारीख आधार धरण्याचा अधिकार सरकारला पूर्वीपासून आहे, असे त्यात पूर्वलक्षी प्रभावाने म्हटले आहे. तो केंद्रीय पेन्शनरांपुरता आहे हे मला कळते. पण नियमावलीच्या बाबतीत राज्ये केंद्राच्या मागोमाग जातात हे आस्थापनेवर बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पेन्शन द्यायची की नाही हे त्यात म्हटलेले नाही. कोणाला किती वाढवायची हे मात्र सरकारच्या मर्जीवर सोडले आहे. म्हणजे पत्रलेखकांचे म्हणणे सरकारने अर्धे मान्य केलेच आहे. त्यांनी आनंद मानायला हरकत नाही.

आता ज्यांच्याबद्दल बोलताना माझी खरी अडचण होते, त्यांच्याविषयी. माझ्या शेजारच्या टेबलावर २००७ मध्ये एक मुलगा लागला. मुलगाच म्हणते, आता त्याचीच मुले कॉलेजात आहेत. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला म्हणून त्याला परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना, म्हणजे खात्यात जमेल त्यावर पेन्शन, पुढे तीच राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत गेली. पगारातून दहा टक्के कापले जायचे. सुरुवातीची काही वर्षे त्या पैशांचा नीट हिशेब हातात यायचा नाही. माझ्या जीपीएफची स्लिप यायची तशी त्याची येत नसे, आणि तो दर मार्चला माझ्याकडे बघून हसायचा. त्या काळात नोकरीत असताना वारलेल्याच्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन नव्हते. खात्यात जे जमले असेल ते घ्या आणि जा. आमच्या ओळखीतल्या एका घरात हे झालेले मी पाहिले आहे. धुळ्याकडचा माणूस, दोन लहान मुले. ती बाई आता शिवणकाम करते.

मी वर म्हटले की पेन्शन नेमणुकीच्या बोलीत होती, म्हणून ती कमाई. त्याच न्यायाने २००७ मध्ये लागलेल्याच्या बोलीत ती नव्हती, मग त्याचा हक्क कुठला? हा प्रश्न मला संपाच्या वेळी माझ्या जावयाने विचारला आणि मी गप्प बसले. उत्तर मला एवढेच सुचते, की तीच फाइल, तीच सेवापुस्तके, तेच ऊन अंगावर घेऊन दोघे काम करत होतो आणि त्याचा पगार माझ्या वेळच्या तुलनेत काही जास्त ठरवलेला नव्हता. पेन्शन काढून घेतली तर तेवढा पगार वाढवायला हवा होता. तो वाढवला नाही. म्हणजे बोली बदलली, पण एकाच बाजूने. मार्च २०२३ मध्ये १४ तारखेपासून सात दिवस 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले, तेव्हा निवृत्त असूनही मी मंडपात जाऊन बसले होते. त्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) नव्या योजनेतल्यांनाही लागू झाले. ज्यांच्या पदाची जाहिरात नोव्हेंबर २००५ च्या आधीची होती त्यांना २०२४ मध्ये जुन्या योजनेत येण्याची मुभा मिळाली, आणि बाकीच्यांसाठी निम्म्या पगाराच्या हमीचा पर्याय राज्याने मान्य केला. मागितल्याशिवाय यातले काहीही मिळालेले नाही.

आणि आता आमचे हे. पत्रलेखकांना वाटत असेल की सरकारी पेन्शनवाल्या बाईला बाहेरचे जग माहीत नाही, म्हणून घरातलेच सांगते. आमचे हे एसटीत वाहक होते. १९७८ ला लागले, २०१२ ला निवृत्त झाले. चौतीस वर्षे. मुक्कामी गाडी असली की रात्र खेड्यात, गाडीतच बाकावर झोप, पहाटे साडेपाचला पहिली फेरी. दिवाळीला सगळे घरी येतात ते यांच्याच गाडीने, त्यामुळे यांची दिवाळी कधी घरी झाली नाही. चौतीस वर्षे तिकिटाची पेटी खांद्याला, तो खांदा आता वर उचलत नाही.

त्यांची पेन्शन महिन्याला दोन हजार शंभरच्या आसपास आहे. छपाईची चूक नाही. ईपीएस ९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना, तिचे सूत्र असे की पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर. पगार खरा कितीही असो, त्यांच्या वेळी ६,५०० वरच धरायचा. योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली, म्हणून त्याआधीच्या सतरा वर्षांचे मिळून काही शे रुपये. महागाई भत्ता नाही. २०१२ मध्ये जेवढी होती तेवढीच आज. सप्टेंबर २०१४ मध्ये पगाराची मर्यादा १५,००० झाली आणि किमान पेन्शन १,००० झाली. हे त्याआधीच घरी बसलेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खऱ्या पगारावरच्या वाढीव पेन्शनचा मार्ग काहींना मोकळा केला, पण १ सप्टेंबर २०१४ पूर्वी तसा पर्याय लिहून न देता निवृत्त झालेले त्यातून बाहेर. आमच्या बुलढाण्यात ईपीएस ९५ वाल्यांचे साखळी उपोषण वर्षानुवर्षे चालले. मागणी काय, तर महिना साडेसात हजार आणि महागाई भत्ता. आमचे हे दोनदा बसून आले. तिथे सगळे सत्तरीतले, कोणाला साखर, कोणाला बीपी, उपोषण कसले करणार?

न्याय्य बोलायचे तर एक सांगितले पाहिजे. त्यांच्या फंडात मालकाचाही हिस्सा होता आणि तो त्यांना निवृत्तीला एकरकमी मिळाला. त्यातून आमच्या घराची स्लॅब पडली. तेव्हा दोघांची तुलना करताना नुसती दरमहाची रक्कम शेजारी ठेवून चालत नाही. पण स्लॅब झाली की झाली. औषधाला दरमहा लागतात ते पैसे स्लॅबमधून निघत नाहीत. नोव्हेंबरात दोघांचा हयातीचा दाखला द्यायला आम्ही एकत्रच जातो. माझ्या पासबुकात हातात येतात सत्तावीस-अठ्ठावीस हजार. कोणी म्हणत असेल की मी यांच्या तेरापट काम केले, तर त्याने उन्हाळ्यात मेहकर-पुणे गाडीत एकदा उभे राहून तिकिटे फाडून दाखवावीत.

तेव्हा पत्रलेखकांचा राग मला कळतो. इतर कष्टकऱ्यांना मिळत नाही हे त्यांचे निरीक्षण शंभर टक्के खरे आहे. माझे भांडण आहे ते त्यांनी काढलेल्या निष्कर्षाशी. चौतीस वर्षांच्या वाहकाने पेन्शन कमावलेली आहे, त्याला ती मिळालेली नाही. उपाय म्हणून प्रथम लिपिकाची काढून घेतली तर वाहकाच्या खात्यात काय पडणार आहे? शेतमजुराचे तर त्याहून वाईट. श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. योजनेच्या नावात निवृत्तिवेतन हा शब्द असला तरी ते अर्थसाहाय्यच आहे. त्यासाठीही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. महिन्याला पावणेदोन हजारांत चालणारे कुटुंब महाराष्ट्रात कुठे आहे ते मला दाखवावे. दाखला मिळवण्यासाठी म्हातारी माणसे खोटे बोलायला शिकतात. खरी 'दिलेली' रक्कम ही आहे आणि ती देतानाही आपण त्यांना खजील करूनच देतो. उलट माजी आमदाराला महिना पन्नास हजार पेन्शन आहे. तिथे सेवापुस्तक नाही, असाधारण रजा वजा जात नाही, सभागृहात किती दिवस हजर होते याची पडताळणी कोणी करत नाही. पत्रलेखकांनी त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली असती तर मला जास्त बरे वाटले असते.

माझ्यापुरते सांगते. वरच्या टोकाच्या पेन्शनवर मर्यादा घाला म्हटले, सचिव पातळीवरून निवृत्त होऊन पुन्हा महामंडळावर नेमणूक घेणाऱ्यांची त्या काळातली पेन्शन थांबवा म्हटले, तर मी विरोध करणार नाही. वीस वर्षांची अट पुन्हा पंचवीस केली तरी चालेल, फक्त आधी लागलेल्यांना मध्येच बदलून नव्हे. पण ईपीएसची १५,००० ची मर्यादा आणि हजार रुपयांची किमान पेन्शन २०१४ पासून जिथल्या तिथे आहे, त्याबद्दल पत्रलेखकांनी एक निवेदन तयार करावे. खासदारांना द्यायचे असेल तर मसुदा मी लिहून देईन. पस्तीस वर्षे तेच केले आहे. पहिली सही आमच्या ह्यांची, दुसरी माझी.

आपली,
एक सेवानिवृत्त प्रथम लिपिक, जि. बुलढाणा
(नाव छापू नये. आमच्या गावात पेन्शनची रक्कम कळली की उसने मागणारे येतात.)

ता. क. पत्रात 'वर लाखो रुपये एकरकमीही घेतात' असा उल्लेख आहे. ते अंशराशीकरण. पेन्शनच्या चाळीस टक्के भाग विकायचा आणि त्याचे पैसे आगाऊ घ्यायचे. मला दहा लाखांच्या आसपास मिळाले. त्याबदली दरमहा दहा हजार कापले जातात, पंधरा वर्षे, म्हणजे अठरा लाख. मधल्या काळात मी वारले तर उरलेली कपात माफ होते, म्हणून एवढे जास्त घेतात असे समजावतात. २०३३ पर्यंत टिकले तर पूर्ण पेन्शन हातात येईल, तेव्हा मी ७३ वर्षांची असेन.